नोकरी सांभाळून नर्सिंगची पदवी : अमेरिकेतल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा खरा खर्च

अमेरिकेतल्या रुग्णालयात एकाच वॉर्डात, एकाच पाळीत काम करणाऱ्या दोन परिचारिकांचे शिक्षण वेगवेगळे असू शकते. एकीने कम्युनिटी कॉलेजातून दोन-तीन वर्षांत असोसिएट डिग्री घेतलेली असते. दुसरीने विद्यापीठात चार वर्षे काढून बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पदवी मिळवलेली असते. परवान्यासाठी दोघींनी दिलेली परीक्षा मात्र एकच, एनक्लेक्स-आरएन. परवानाही एकच, रजिस्टर्ड नर्सचा. रुग्णाच्या उशाशी दोघींची जबाबदारी सारखीच असते. फरक जाणवतो तो चार-पाच वर्षांनी. विभागप्रमुखाची जागा निघते, सार्वजनिक आरोग्य खात्यात भरती होते किंवा नर्स प्रॅक्टिशनर व्हावेसे वाटते, आणि प्रत्येक ठिकाणी पहिलीच अट दिसते : बीएसएन आवश्यक.

अशा परिचारिकांसाठी आरएन-टू-बीएसएन नावाचा अभ्यासक्रम असतो. परवाना हातात असल्यामुळे त्यांना इंजेक्शन देण्यापासून पुन्हा शिकावे लागत नाही. संशोधनाचे वाचन, सामुदायिक आरोग्य, नेतृत्व, आरोग्यधोरण, माहितीतंत्रज्ञान असे विषय असतात आणि ते बहुतांशी ऑनलाइन शिकता येतात. शेकडो विद्यापीठे हा अभ्यासक्रम चालवतात. 'सर्वांत स्वस्त', 'एका वर्षात पूर्ण', 'क्रेडिटला फक्त इतके डॉलर' अशा त्यांच्या जाहिराती असतात.

जीएनएम ही नर्सिंगची पदविका भारतात घेऊन अमेरिकेत गेलेल्या मराठी परिचारिका आणि तिथे गेल्यावर नर्सिंगकडे वळलेल्या मराठी स्त्री-पुरुषांपुढे हा प्रश्न हमखास येतो. त्यांना या लेखातून एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाच्या एका एककाचा, दर म्हणजे पदवीची किंमत नव्हे. खरी किंमत चार गोष्टींवरून ठरते : पदवीला मान्यता कोणाची आहे, तुमचे आधीचे शिक्षण किती धरले जाते, फीचा वाटा दुसरे कोण उचलते आणि तुमच्या आठवड्यात मोकळे तास किती आहेत. या चारांचा हिशेब मांडला की स्वस्त वाटणारे विद्यापीठ महाग आणि महाग वाटणारे स्वस्त निघू शकते.

पदवीचा आग्रह कुठून आला?

हा आग्रह केवळ विद्यापीठांच्या धंद्यातून आलेला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लिंडा एकन यांनी सहकाऱ्यांसह पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांमधल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास केला. तो २००३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल, तर दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये युरोपातल्या नऊ देशांचा असाच अभ्यास आला. तिथे ही घट सुमारे ७ टक्के दिसली. हे अभ्यास रुग्णालयांच्या तुलनेचे आहेत, त्यावरून एखाद्या परिचारिकेचे कौशल्य ठरत नाही. वीस वर्षे आयसीयू सांभाळलेल्या असोसिएट डिग्रीच्या परिचारिकेने त्यावरून स्वतःला कमी लेखण्याचे काही कारण नाही. पण धोरण ठरवणाऱ्यांवर या आकड्यांचा मोठा परिणाम झाला.

२०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने नर्सिंगच्या भवितव्यावरच्या अहवालात शिफारस केली की २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात. ते उद्दिष्ट त्या मुदतीत गाठता आले नाही, पण दिशा ठरून गेली. २०२२ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पदवी किंवा त्याहून अधिक शिक्षण असलेल्या परिचारिकांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेले होते. ज्या रुग्णालयांना 'मॅग्नेट' हा मानाचा दर्जा हवा असतो, तिथे परिचारिका-व्यवस्थापकांना नर्सिंगची पदवी असावीच लागते. न्यू यॉर्क राज्याने तर डिसेंबर २०१७ मध्ये कायदाच केला. नव्या परिचारिकांनी परवाना मिळाल्यापासून १० वर्षांत बीएसएन पूर्ण करावी, असे तो सांगतो. कायद्यापूर्वी परवाना असलेल्यांना त्यातून सूट आहे.

पगाराचे चित्र मात्र वेगळे आहे. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये रजिस्टर्ड नर्सचा मध्यक वार्षिक पगार ९३,६०० डॉलर होता, आणि त्यात पदवीधर व बिनपदवीधर दोन्ही आले. पुष्कळ रुग्णालयांत त्याच खाटेपाशी त्याच कामासाठी पदवीमुळे मिळणारी वाढ तुटपुंजी असते, काही ठिकाणी नसतेच. म्हणून पदवीवर खर्च करण्याआधी ती कोणत्या कामासाठी हवी आहे हे ठरवावे. न्यू यॉर्कची कायदेशीर अट, व्यवस्थापकाची जागा, शाळेतली किंवा सार्वजनिक आरोग्यातली नोकरी, पुढचे एमएसएन, म्हणजे नर्सिंगची पदव्युत्तर पदवी, यांतले नेमके काय? त्या उत्तरावरून पुढची निवड बदलते.

ही पदवी तुम्हाला खरोखर लागते का?

भारतात चार वर्षांचे बीएस्सी नर्सिंग केलेल्या परिचारिकेने घाईने आरएन-टू-बीएसएनला नाव घालू नये. आधी आपल्या पदवीचे विषयवार मूल्यमापन करून घ्यावे. परदेशी परिचारिकांची कागदपत्रे तपासणारी सीजीएफएनएस ही संस्था २०२५ पासून ट्रूमेरिट या नावाने ओळखली जाते. अशा संस्थेच्या अहवालात तुमची पदवी अमेरिकन बीएसएनच्या तोडीची ठरली आणि मालकाने किंवा पुढच्या विद्यापीठाने तो अहवाल मानला, तर तुम्ही सरळ एमएसएनचा विचार करू शकता. मूल्यमापनाची फी काहीशे डॉलर असते, पण तिच्यामुळे हजारो डॉलर आणि दोन वर्षे वाचू शकतात.

भारतात बीए, बीकॉम किंवा साधी बीएस्सी केली आणि अमेरिकेत असोसिएट डिग्री घेऊन नर्स झालात, तर काही विद्यापीठांत आरएन-टू-एमएसएन हा जोडमार्ग मिळतो. त्यात पदवीचे काही विषय पूर्ण करून थेट पदव्युत्तर शिक्षणात जाता येते.

जीएनएम झालेल्यांना मात्र बीएसएनचाच रस्ता धरावा लागतो. त्यांच्यापुढची खरी अडचण म्हणजे कागदपत्रे गोळा करणे. अनेक मूल्यमापन संस्था गुणपत्रके विद्यार्थ्याच्या हातून घेत नाहीत, ती नर्सिंग शाळेकडून किंवा मंडळाकडून थेट मागवतात. शाळा बंद पडली असेल किंवा जुन्या नोंदी मिळत नसतील, तर यात महिने जातात. भारतभेटीला येणार असाल तर ते काम आधीच नियोजनात धरा.

मान्यता : या तपासणीत सवलत नाही

अमेरिकेत मान्यतेचे दोन स्तर असतात. पहिली मान्यता संपूर्ण विद्यापीठाची असते. ती असेल तरच तिथल्या विद्यार्थ्याला सरकारी आर्थिक मदत मिळते आणि तिथले क्रेडिट इतर विद्यापीठे सहज मानतात. दुसरी मान्यता नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची. ती देणाऱ्या प्रमुख संस्था तीन : सीसीएनई, एसीईएन आणि एनएलएन-सीएनईए. बहुतेक एमएसएन अभ्यासक्रम मान्यताप्राप्त बीएसएनच मागतात. सरकारी रुग्णालये आणि मॅग्नेट दर्जाची रुग्णालयेही तीच पाहतात. नर्सिंगची मान्यता नसलेली पदवी निम्म्या किमतीत मिळाली, तरी पुढच्या अर्जाच्या वेळी ती उपयोगी पडेलच असे नाही.

विद्यापीठाच्या मान्यतेबाबत एक जुना भेद लक्षात ठेवावा. पूर्वी मान्यता देणाऱ्या संस्थांची 'प्रादेशिक' आणि 'राष्ट्रीय' अशी विभागणी असे आणि ऐकताना उलटे वाटले, तरी प्रादेशिक मान्यतेला जास्त वजन होते. जुलै २०२० पासून केंद्र सरकारने हा भेद काढून टाकला. तरीही पुष्कळ विद्यापीठांच्या प्रवेश विभागांत क्रेडिट मानताना जुनी पसंती टिकून आहे.

हे सारे इतके ठासून सांगण्याला कारण आहे. आयटीटी टेक ही नफा कमावणारी मोठी शिक्षणसाखळी नर्सिंगही शिकवत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये ती अचानक बंद पडली. अनेक विद्यार्थ्यांना आपले क्रेडिट दुसरीकडे नेता आले नाहीत, कारण तिची मान्यता इतर विद्यापीठांना पुरेशी वाटत नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये तर त्याहून गंभीर प्रकार उघड झाला. 'ऑपरेशन नाइटिंगेल' या कारवाईत फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांच्या नावे ७,६०० हून अधिक बनावट पदविका आणि गुणपत्रके विकली गेल्याचे तपास यंत्रणांनी जाहीर केले. २५ जणांवर आरोप ठेवले गेले. अशी कागदपत्रे घेऊन परवाना मिळवलेल्यांवर राज्याराज्यांच्या नर्सिंग मंडळांनी कारवाई सुरू केली.

म्हणून विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे बोधचिन्ह पाहून समाधान मानू नका. सीसीएनई किंवा एसीईएनच्या स्वतःच्या यादीत त्या अभ्यासक्रमाचे नाव शोधा. विद्यापीठाची मान्यता केंद्रीय शिक्षण खात्याच्या डेटाबेसमध्ये तपासा. 'मान्यतेसाठी अर्ज केला आहे' हे उत्तर मिळाले, तर मान्यता नाही असेच समजा.

क्रेडिटचा हिशेब

अमेरिकेत पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात. असोसिएट डिग्रीचे साठ-सत्तर क्रेडिट जमेस असतात. आरएन-टू-बीएसएनमधले नर्सिंगचे विषय बहुधा ३० क्रेडिटच्या आसपास असतात. उरलेली दरी सर्वसाधारण विषयांची असते. काही विद्यापीठे बाहेरचे ९० क्रेडिटपर्यंत स्वीकारतात आणि परवान्याबद्दलही क्रेडिट देतात, तर काही हात आखडता घेतात.

उदाहरणादाखल दोन काल्पनिक विद्यापीठे घेऊ. पहिल्याचा दर क्रेडिटला २५० डॉलर आहे, पण ते तुमचे ६० क्रेडिटच मानते. उरलेल्या ६० क्रेडिटचे १५,००० डॉलर होतात. दुसऱ्याचा दर ३५० डॉलर आहे, पण ते ९० क्रेडिट मानते. उरलेल्या ३० क्रेडिटचे १०,५०० डॉलर होतात. ज्याचा दर शंभर डॉलरने जास्त, तेच एकूण साडेचार हजारांनी स्वस्त पडते, शिवाय वेळ निम्मा लागतो. दरांच्या याद्या वाचून निवड करणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही.

त्यामुळे प्रवेशफी भरण्यापूर्वी क्रेडिटचे लेखी मूल्यमापन मागा. कोणता विषय कोणत्या विषयाच्या बदल्यात धरला आणि नेमके किती क्रेडिट उरले, हे त्यात असले पाहिजे. फोनवरचा सल्लागार 'तुमचे जवळजवळ सगळेच चालून जाईल' असे म्हणतो, तेव्हा त्यातल्या 'जवळजवळ'चे पैसे तुम्हालाच भरायचे असतात.

सर्वसाधारण विषयांच्या अटी राज्यागणिक बदलतात. टेक्ससमधल्या सरकारी विद्यापीठांत कोणत्याही पदवीसाठी अमेरिकेच्या इतिहासाचे ६ आणि शासनव्यवस्थेचे ६ क्रेडिट लागतात. भारतातून गेलेल्या परिचारिकेच्या गुणपत्रकात हे विषय असण्याची शक्यताच नसते. म्हणजे नर्सिंगच्या ३० क्रेडिटवर आणखी १२ क्रेडिट आले. ह्यूस्टन किंवा डॅलसला राहणाऱ्यांनी सरकारी विद्यापीठाचा हिशेब करताना हे धरायलाच हवे.

असे विषय विद्यापीठाच्या दराने विकत घेण्याची मात्र गरज नाही. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात ते कमी पैशांत होतात. त्याहून कमी खर्चाचा मार्ग परीक्षेचा आहे. कॉलेज बोर्डाच्या क्लेप परीक्षा एका बैठकीत साधारण ३ किंवा ६ क्रेडिट मिळवून देतात आणि एका परीक्षेची फी एका क्रेडिटच्या दराहूनही बहुधा कमी असते. अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था, समाजशास्त्र, मानवी विकास या विषयांच्या परीक्षा क्लेपमध्ये आहेत. बीएसएनला हमखास लागणारी सांख्यिकी मात्र क्लेपमध्ये नाही, ती डीएसएसटी या दुसऱ्या परीक्षामालिकेत आहे. तुमचे विद्यापीठ यांतल्या कोणत्या परीक्षा मानते आणि किती गुणांना, हे आधी विचारा आणि मगच पुस्तक उघडा.

फी आकारण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत क्रेडिटगणिक फीची. सरकारी विद्यापीठे बहुधा हीच वापरतात. राज्यातल्या रहिवाशांना वेगळा दर असतो, पण काही विद्यापीठे ऑनलाइन विद्यार्थ्यांना सरसकट एकच दर लावतात. आपल्या राज्यातले पर्याय आधी पाहावेत. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्ग कॉलेजला २००१ मध्ये पदवी देण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून तिथल्या अनेक राज्य-महाविद्यालयांत कम्युनिटी कॉलेजच्या जवळपासच्या दरात पदवी घेता येते. न्यू जर्सीत ट्रेंटनचे थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी हे सरकारी विद्यापीठ १९७२ पासून नोकरदार प्रौढांसाठीच चालते, आणि बाहेरचे क्रेडिट मोठ्या प्रमाणात स्वीकारणे हा त्याच्या कार्यपद्धतीचाच भाग आहे.

दुसरी पद्धत सत्राला ठरावीक रकमेची. १९९७ मध्ये १९ गव्हर्नरांच्या पुढाकारातून उभे राहिलेले वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी याचे ठळक उदाहरण. सहा महिन्यांच्या सत्राची फी एकच, त्यात तुम्ही चार विषय पूर्ण करा नाहीतर दहा. इथे तासिकांना महत्त्व नाही, विषय येतो हे सिद्ध करायचे आणि पुढे जायचे. तिसरी पद्धतही याच्या जवळची आहे. कॅपेला विद्यापीठाच्या फ्लेक्सपाथमध्ये १२ आठवड्यांच्या कालखंडाची फी ठरलेली असते.

ठरावीक फीच्या पद्धती वेगाने शिकणाऱ्याच्या फायद्याच्या आहेत. समजा, सत्राची फी ५,००० डॉलर आहे. जी एका सत्रात अभ्यासक्रम संपवते तिला पदवी ५,००० डॉलरला पडते. जिला मुलांची आजारपणे, घरातली कामे आणि जादा पाळ्या सांभाळत तीन सत्रे लागतात, तिला त्याच पदवीचे १५,००० मोजावे लागतात. म्हणून 'सहा महिन्यांत झाले' हा दुसऱ्याचा अनुभव ऐकून नव्हे, तर आपले घर आणि आपली ड्यूटी पाहून पद्धत निवडावी. आणखी एक बारकावा : वेस्टर्न गव्हर्नर्समध्ये विषयवार श्रेणी दिल्या जात नाहीत, विषय उत्तीर्ण म्हणजे ३.० गुणांक धरला जातो. पुढे नर्स ॲनस्थेटिस्ट व्हायचे असेल, तर त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी चुरस मोठी असते आणि वरच्या श्रेणी पाहिल्या जातात. ज्यांचे ते ध्येय आहे, त्यांनी श्रेणी देणारे विद्यापीठ निवडणे शहाणपणाचे.

कोणत्याही पद्धतीत मुख्य फीखेरीज तंत्रज्ञान शुल्क, विषयवार शुल्क, पार्श्वभूमी-तपासणी, लसीकरण नोंदींचे शुल्क, पुस्तके, पदवीदान शुल्क अशा बारीक रकमा असतात. त्या सगळ्यांची बेरीज मागून घ्या. चार ठिकाणच्या बेरजा समोर ठेवल्याशिवाय तुलना होत नाही.

पैसे कोण देणार?

सर्वांत आधी विचारायचे ते आपल्या रुग्णालयाला. अमेरिकेच्या करकायद्यात एक तरतूद बरीच वर्षे आहे : मालकाने कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी दिलेल्या ५,२५० डॉलरपर्यंतच्या वार्षिक मदतीवर कर्मचाऱ्याला कर लागत नाही. अनेक रुग्णालये याच मर्यादेपर्यंत मदत देतात. ही मर्यादा कॅलेंडर वर्षाची असते. त्यामुळे ऑगस्टमध्ये अभ्यासक्रम सुरू करून पुढच्या वर्षात संपवला, तर दोन वर्षांची मिळून १०,५०० डॉलरची मदत बसू शकते. नीट निवडलेल्या अभ्यासक्रमाचा बहुतेक खर्च एवढ्यात निघतो. जानेवारीत सुरू करून डिसेंबरमध्ये संपवणाऱ्याला मात्र एकाच वर्षाची मदत मिळते.

या मदतीच्या अटी वाचल्याशिवाय सही करू नये. किती वर्षे तिथेच नोकरी करावी लागेल? आधी सोडली तर पैसे परत द्यावे लागतील का? मदत आधी मिळते, की निकाल दाखवल्यावर? निकालानंतर मिळणार असेल, तर पहिल्या सत्राची रक्कम आपल्या खिशात हवी. ठरावीक श्रेणी मिळाली तरच मदत, अशीही अट असू शकते.

त्यानंतर केंद्र सरकारची मदत. तिचा अर्ज म्हणजे फाफ्सा. तो नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना भरता येतो. एच-१बी किंवा एच-४ व्हिसावर असणाऱ्यांना या मदतीचा लाभ नाही, मात्र एच-४ वर शिक्षण घेण्याला बंदी नाही. परत न करावे लागणारे पेल अनुदान २०२५-२६ साली जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे आणि ते उत्पन्नावरून ठरते. पण ज्यांच्याकडे आधीच कोणतीही पदवी आहे त्यांना ते मिळत नाही आणि परदेशातली पदवीही त्यात धरली जाते. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची बीए असलेल्या परिचारिकेने पेल अनुदान गृहीत धरून हिशेब करू नये.

करविवरण भरताना 'लाइफटाइम लर्निंग क्रेडिट' विसरू नका. शिक्षणाच्या पहिल्या १०,००० डॉलर खर्चाच्या २० टक्के, म्हणजे कमाल २,००० डॉलर कर त्यातून वाचू शकतो. त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि मालकाने करमुक्त दिलेल्या पैशांवर ही सवलत पुन्हा मागता येत नाही. कर्ज या सगळ्यानंतर, उरलेल्या रकमेपुरतेच.

आठवड्याचे तास

अमेरिकेत एका क्रेडिटमागे वर्ग आणि स्वाध्याय मिळून साधारण ४५ तासांचे काम धरण्याचा प्रघात आहे. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे १३५ तास. हाच विषय १५ आठवड्यांत शिकवला तर आठवड्याला ९ तास लागतात, ८ आठवड्यांत शिकवला तर सुमारे १७ आणि ५ आठवड्यांत शिकवला तर २७. वर्षाच्या आत पदवी देणारे अभ्यासक्रम असे आखूड कालावधीत विषय बसवतात. अनुभवी परिचारिकेला काही विषयांत याहून कमी वेळ लागेल, पण संशोधन आणि सांख्यिकीत तो पूर्ण लागतो. आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन नाइट ड्यूट्या करणाऱ्या आईने आपल्या आठवड्यात २७ तास कुठे आहेत ते कागदावर मांडून पाहावे. विषय सोडावा लागला किंवा पुन्हा घ्यावा लागला, तर त्याची फी दुसऱ्यांदा भरावी लागते. अनेकदा संथ अभ्यासक्रम अखेरीस स्वस्त पडतो, तो यामुळेच.

व्याख्यानांची वेळ ठरलेली आहे की आपल्या सोयीने ऐकता येतात, हेही विचारा. ऑनलाइन अभ्यासक्रमातही प्रत्यक्ष अनुभवाचा भाग असतो, विशेषतः सामुदायिक आरोग्याचा. तो आपल्याच गावात करता येतो का, मार्गदर्शक कोणी शोधायचा, रोजच्या नोकरीतले तास त्यात धरले जातात का? कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावे. तिथे सार्वजनिक आरोग्य परिचारिकेचे प्रमाणपत्र हवे असेल, तर पदवीत देखरेखीखालचे ९० तासांचे प्रत्यक्ष काम लागते. राज्याबाहेरच्या सगळ्याच ऑनलाइन अभ्यासक्रमांत ते नसते.

विद्यापीठांच्या पूर्णत्वाच्या आकड्यांबाबतही सावध राहावे. सरकारी संकेतस्थळावर ठळक दिसणारा पदवी-पूर्णतेचा दर बहुधा प्रथमच कॉलेजात आलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा असतो. नोकरी करत शिकणारी परिचारिका त्या आकड्यात नसतेच. आरएन-टू-बीएसएनचा स्वतंत्र पूर्णता-दर विभागाकडे मागा. सीसीएनईच्या मान्यतेसाठी हा दर साधारण ७० टक्के तरी दाखवावा लागतो, त्यामुळे विभागाकडे तो आकडा असतोच. द्यायला टाळाटाळ झाली, तर त्यावरून काय ते ओळखावे.

महाराष्ट्रातून या अभ्यासक्रमांकडे पाहणाऱ्यांसाठी

'घरबसल्या अमेरिकन बीएसएन' असे कोणी सुचवत असेल, तर थांबून तीन गोष्टी पाहा. पहिली, आरएन-टू-बीएसएनला प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी अमेरिकेतला चालू आरएन परवाना लागतो. दुसरी, ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या आधारे विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत जाता येत नाही. एफ-१ व्हिसाच्या पूर्णवेळ शिक्षणात सत्राला एकच ऑनलाइन विषय धरला जातो. तिसरी, भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीने दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने न शिकवण्याच्या विषयांत नर्सिंगचा समावेश केला आहे. अशी पदवी घेऊन इथल्या सरकारी भरतीत उभे राहण्याचा बेत त्यामुळे धोक्याचा आहे. इथेच काम करायचे असेल, तर जीएनएमनंतर मान्यताप्राप्त महाविद्यालयातले दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग हाच नीट रस्ता. अमेरिकेला जायचेच असेल, तर आधी एनक्लेक्स, मग परवाना आणि नोकरी. पदवी त्यानंतर, आणि जमल्यास तिथल्या मालकाच्या पैशांनी.

कामाचा क्रम

आधी पदवी कशासाठी हवी ते एका वाक्यात लिहा. मग मनुष्यबळ विभागाकडून शिक्षण-मदतीचे नियम लेखी घ्या. सगळी गुणपत्रके गोळा करा. मान्यतेच्या अधिकृत याद्यांमधून चार विद्यापीठे निवडा, त्यांतले निदान एक आपल्या राज्यातले सरकारी असू द्या. चारही विद्यापीठांकडून क्रेडिटचे लेखी मूल्यमापन आणि शुल्कांची पूर्ण बेरीज मागा. तुमची मदत वजा करा, उरलेली रक्कम आणि आठवड्याचे तास समोरासमोर मांडा, मग निवडा. 'आज नाव नोंदवले तर सवलत' असे म्हणणाऱ्याला आठवडाभर थांबवा. चांगले विद्यापीठ आठवड्यानेही तिथेच असते.

परिचारिका रोज इतरांसाठी औषधाची मात्रा दोनदा तपासते, नाव-नंबर पडताळते, मगच पुढे जाते. स्वतःच्या पैशांच्या आणि वेळेच्या बाबतीत तिने तेवढीच काटेकोर चौकशी करावी. तसा तिला पूर्ण हक्क आहे, आणि उत्तरे लेखी देणे हे विद्यापीठाचे काम आहे.